शून्य नंबरचा डबा

सगळ्यात आधी कबूल करून टाकतो, या प्रकरणात चूक नक्की कुणाची झाली हे मला अजूनही समजलेलं नाही. बायको म्हणते, तुमची. सासरे म्हणतात, तुमची. मी आपला तिसऱ्या कुणाच्या तरी शोधात आहे. पण घरात आम्ही तिघंच, त्यामुळे शोध फार पुढे सरकत नाही.

सुरुवात झाली माझ्या रक्तापासून. माझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. इतर बायका नवऱ्याचं रक्त आटवतात असं ऐकतो. माझी ते रीतसर सुईने काढते, बाटलीवर नंबर घालते आणि दोन दिवसांनी छापील रिपोर्ट हातात देते. तसा तिने एकदा दिला आणि समोर उभी राहिली.

"हे आकडे बघितलेत?"

"बघितले. चांगले भरघोस आहेत."

"अहो, ही चरबी आहे! रक्तातली! भरघोस काय?"

मग डॉक्टरांकडे जाणं झालं. ते म्हणाले, मांस कमी करा, हळूहळू करा, पण करा. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडे उतरले तर ठीक, नाहीतर रोज एक गोळी, आयुष्यभर. (मला गोळी गिळता येत नाही. साधी डोकेदुखीची गोळी घ्यायची तरी मी तीन ग्लास पाणी पितो आणि गोळी तोंडातच राहते. बायको याला नाटक म्हणते.)

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मांस सोडा आणि मोकळे व्हा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुम्ही माझ्या सासऱ्यांना ओळखत नाही.

सासऱ्यांचं मटणाचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः चालवलं, आता पुतण्या चालवतो, पण पाटीवर नाव अजून सासऱ्यांचंच. त्यांची जीभ म्हणजे त्या बाजारात कोर्टाचा निकाल. एक घास खाऊन ते सांगायचे, हा खांद्याचा, हा मांडीचा, हा कालचा, आणि हा तुम्ही दुसऱ्या दुकानातून आणलात, बरोबर? गिऱ्हाईक मान खाली घालायचं. दर रविवारी सकाळी ते दुकानात जाऊन बसत, तव्यावर एक तुकडा भाजून चाखत, मान हलवत, आणि मगच पुतण्या फळी उघडत असे. अशा माणसाच्या जावयाने सोयाबीन खायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यात ते राहतात आमच्याकडेच.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांना नवी कवळी बसली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने तुकडा चावायचा नाही, दुकानात चाखणंही बंद, फक्त मऊ खिमा. पुतण्या बिचारा दर रविवारी सकाळी एक किलो खिमा घरी पाठवू लागला. सासरे पिशवी उघडून बघत, वास घेत, आणि कवळी सावरत म्हणत, "ठीक आहे." हे त्यांच्या तोंडून म्हणजे पदकच.

"बाबांना कळता कामा नये," बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं. "त्यांना वाटेल, माझ्या धंद्याची लाज वाटायला लागली. आधीच दातांनी हैराण झालेत."

"कळणारच नाही. मी अष्टमांशाने जाणार आहे."

"कुठे जाणार आहात?"

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी रंगाच्या कारखान्यात आहे, शेड जुळवायच्या खात्यात. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फिकट पिवळा आमच्या साहेबांना गुपचूप बदामी करायचा होता. एकदम बदलला असता तर गिऱ्हाइकाने बोंब मारली असती. मी दर बॅचला टिंटचा, म्हणजे मिसळायच्या बदामी रंगाचा, एकच अष्टमांश वाढवत नेला. आठव्या बॅचला रंग पुरता बदामी झाला, आणि गिऱ्हाइकाचं पत्र आलं की रंगात इतकं सातत्य आम्ही आजवर कुठे पाहिलं नाही. ते पत्र मी जपून ठेवलंय. (फ्रेम करणार होतो. बायको नको म्हणाली.)

तर योजना अशी. रविवारी आलेल्या खिम्याचे दोन भाग करायचे. एक सासऱ्यांचा, अस्सल, त्याला हात लावायचा नाही. दुसरा माझा. पहिल्या आठवड्यात त्यात एक भाग भिजवलेला सोयाबीनचा चुरा आणि सात भाग खिमा. दुसऱ्या आठवड्यात दोन आणि सहा. असं करत आठव्या आठवड्यात माझा डबा शंभर टक्के सोयाबीन. जिभेला पत्ता लागणार नाही, सासऱ्यांना पत्ता लागणार नाही, आणि चरबीला तर मुळीच लागणार नाही.

बायको तेव्हा घाईत होती. सासऱ्यांची कवळी कोमट पाण्यात घालत होती, त्यामुळे तिचं माझ्याकडे अर्धंच लक्ष होतं. (माझं तिच्याकडे पाव. ग्लासात हसणारे दात बघून मला बोलणं सुचत नाही.)

"म्हणजे हळूहळूच ना?" ती म्हणाली. "डॉक्टर तेच म्हणालेत, हळूहळू."

"हो हो, हळूहळूच. डॉक्टर माझ्याच मताचे निघाले."

"मग तुम्हीच करून ठेवत जा दोन्ही डबे, मला रविवारी वेळ नसतो. फक्त डब्यावर नाव लिहू नका. बाबा फ्रिज उघडून सगळं वाचतात."

"नाव कशाला? नंबर घालतो."

"नंबर घाला. नंबर मला कळतात."

एवढं बोलणं झालं आणि आम्ही दोघं समाधानाने आपापल्या कामाला लागलो. लग्नाला चौदा वर्षं झाली. इतक्या कमी शब्दांत आमचं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिल्या रविवारी सासरे अंघोळीला गेल्यावर मी दार लावून कामाला बसलो. सोयाबीनचा चुरा भिजवला, पिळला. रंग मेला मातकट. मग मी आमच्या खात्याची इभ्रत पणाला लावली. बिटाचा रस चार चमचे, कोऱ्या कॉफीचे सहा थेंब, आणि शेड अशी जुळली की खिडकीच्या उजेडात दोन्ही डबे शेजारी ठेवले तर मलाच कळेना. कारखान्याच्या पद्धतीने झाकणांवर चिकटपट्ट्या लावल्या. सासऱ्यांच्या डब्यावर "०". माझ्या डब्यावर "१/८". फ्रिजमध्ये ठेवले आणि हात धुतले. हात संध्याकाळपर्यंत गुलाबी होते.

बायको स्वतः मांस खात नाही. लहानपण दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं, तेव्हाच पोट भरलं म्हणते. पण रांधते उत्तम. आठवड्यातून तीनदा ती दोन छोट्या पातेल्यांत दोन डब्यांतला खिमा शिजवायची, एक माझ्या ताटात, एक सासऱ्यांच्या.

पहिला घास मी डोळे मिटून तोंडात घातला. चावलं. गिळलं. काही फरक नाही! तोच स्वाद, तीच चव. मी बायकोकडे बघून हळूच डोळे मिचकावले. तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"जमतंय ना?" तिने नंतर विचारलं.

"जमतंय म्हणजे? मला तर कळतसुद्धा नाहीये!"

"धन्य आहे तुमची," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं मनावर घ्याल."

एका अष्टमांशाचं एवढं कौतुक? मला जरा जास्तच वाटलं. पण कौतुक परत करायची आपल्याकडे पद्धत नाही.

आठवडे पुढे सरकले. दोन अष्टमांश, तीन, चार. प्रत्येक वेळी मी श्वास रोखून घास घ्यायचो आणि प्रत्येक वेळी तेच, फरक शून्य. मला आधी स्वतःचा अभिमान वाटला, मग सोयाबीनचा, मग एकूण मानवजातीचा. जिना चढताना दम लागेना. सकाळी आपोआप जाग येऊ लागली. पोट हलकं, डोकं हलकं. बायकोच्या मते जीभही हलकी झाली, कारण मी भेटेल त्याला सोयाबीनवर बोलू लागलो. खालच्या वॉचमनला मी लिफ्ट येईपर्यंत प्रथिनं समजावून सांगायचो. पुढे पुढे लिफ्ट आधीच खाली आलेली असायची. तो मला येताना बघून बटण दाबून ठेवत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पाचव्या आठवड्यात मी आमच्या साहेबांसाठी माझ्या पातेल्यातला खिमा डब्यात घालून नेला. साहेब पक्के मांसाहारी. एक चमचा खाल्ला आणि डोळे मोठे केले.

"हे सोयाबीन?"

"साठ टक्क्यांच्या वर, साहेब."

"अहो, हे हुबेहूब मटण आहे!"

"हीच तर गंमत आहे, साहेब," मी म्हणालो, आणि दहा मिनिटं गंमत समजावून सांगितली. साहेबांनी त्याच दिवशी घरी सोयाबीन सुरू केलं. (साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते सध्या तिसऱ्या कंपनीचा चुरा वापरून बघतायत, आणि तुमच्या घरच्यासारखा होत नाही म्हणून आपल्या बायकोवर चिडतात.)

या सगळ्या आनंदात एक गोष्ट मला खटकत होती. सासरे गप्प झाले होते.

पहिल्या आठवड्यात ते नेहमीसारखे होते. "जरा ओलसर आहे, पण मांडीचा, ठीक आहे," असं म्हणून ताट साफ करायचे. तिसऱ्या आठवड्यात ते घास तोंडात घोळवून छताकडे बघू लागले. चौथ्या आठवड्यात त्यांनी पुतण्याला फोन लावला आणि त्याला असा झाडला, असा झाडला, की शेजारची माणसं गॅलरीत आली. "माझ्या पाटीखाली बसून काय विकतोस रे?" पुतण्या पलीकडून शपथा घेत होता. सासऱ्यांनी फोन आपटला. पाचव्या आठवड्यात मात्र त्यांनी खाऊन झाल्यावर बायकोला सांगितलं, "छान झालंय हं."

बायकोच्या हातातला डाव खाली पडला. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही खिम्याला छान म्हटलेलं नव्हतं.

"बाबांचं काहीतरी बिनसलंय," ती मला म्हणाली.

"कवळी टोचत असेल."

"कवळी तर आता मस्त बसलीय. डॉक्टरांनी सांगितलं तसंच सगळं चाललंय. तरी हे असे का?"

मी तिला सोयाबीनचा एक फायदा सांगायला लागलो, तर ती उठून गेली.

आठव्या आठवड्यातला शनिवार. त्या आठवड्यात माझ्या डब्यावर "८/८" होता. मी पुरता, निखळ, शंभर टक्के शाकाहारी झालो होतो आणि मला सोयाबीन अगदी मटणासारखं लागत होतं. सकाळी गॅलरीत पेपर वाचत होतो, तर सासरे येऊन शेजारच्या खुर्चीत बसले.

"जावईबापू, एक सांगू? पोरीला सांगू नका."

"बोला ना, बाबा."

"माझी जीभ गेली."

मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. जीभ होती जागेवर.

"तशी नाही हो. चव गेली. दोन महिने झाले, एकेक दिवस कमी कमी होतेय. आधी वाटलं पुतण्या लबाडी करतोय. पण पिशवी मी स्वतः उघडतो, वास घेतो, माल चोख असतो. आणि तोच माल ताटात आला की, काय सांगू तुम्हाला, लाकडाचा भुसा! ओला भुसा खाल्ल्यासारखं लागतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "चाळीस वर्षं मी या जिभेवर जगलो. दात गेले, त्याचं काही नाही, दात विकत मिळतात. उद्या डॉक्टरांचे दोन महिने संपतात, पुतण्या दुकानात बोलावतोय. कुठल्या तोंडाने जाऊ? आज संध्याकाळी फोन करून सांगतो, मी आता येणार नाही, पाटीवरचं माझं नाव उतरव."

एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि डोळ्यांत पाणी. मला खरोखर वाईट वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात भलताच गोंधळ सुरू झाला. हे खातात अस्सल मटण आणि यांना लागतं सोयाबीन. मी खातो अस्सल सोयाबीन आणि मला लागतं मटण. यांची जीभ गेली, मान्य. मग माझ्या जिभेला काय झालंय? ती आली? आधी गेली होती का?

"वय झालं की असं होतं, बाबा," मी म्हणालो. ते "हो" म्हणाले आणि उठून आत गेले. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

पाचच्या सुमारास बायको लॅबमधून आली ती दोन रिपोर्ट घेऊन. माझं रक्त तिने गुरुवारी काढलं होतं, आणि घरात सुई आलीच आहे तर म्हणून वडिलांचंही. सासरे आत पडले होते. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"अहो, तुमची चरबी वाढलीय!"

"कसं शक्य आहे? मी हवेत चालतोय!"

"आणि बाबांची बघा. एखाद्या विशीतल्या मुलाची असावी अशी."

मी दोन्ही कागद शेजारी धरले. मग मी जे म्हणालो ते मी म्हणायला नको होतं. "बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तुमच्या लॅबमध्ये."

"आमच्या लॅबमध्ये?" तिचा आवाज चढला. "आमच्या लॅबमध्ये बाटलीवर नंबर असतो! नंबर बघितल्याशिवाय मी बाटलीला बोट लावत नाही. रक्तात पाणी घालून पातळ केलं तर त्याचाही नंबर असतो. एक अष्टमांश म्हणजे एक भाग रक्त, बाकी पाणी. शून्य म्हणजे रक्त नाहीच. शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"तुमच्यात उलटं असतं का?" मी सहज म्हणालो. "आमच्यात शून्य म्हणजे शुद्ध. एक अष्टमांश म्हणजे एक भाग भेसळ, बाकी शुद्ध."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग दोघांनीही हळूहळू माना वळवून फ्रिजकडे बघितलं.

"शून्यवाला डबा कुणाचा होता?" तिने विचारलं.

"बाबांचा! शून्य म्हणजे सोयाबीन शून्य!"

"अहो, शून्य म्हणजे मांस शून्य! तो मी तुम्हाला वाढत होते! मला वाटलं, काय माणूस आहे, पहिल्याच दिवशी एकदम सगळं सोडलं!"

"मग ते अष्टमांश तू..."

"बाबांना! दातांचे डॉक्टर म्हणाले होते ना, मांस एकदम देऊ नका, थोडंसं द्या आणि हळूहळू वाढवा! मी तुम्हाला सांगितलंसुद्धा, कवळी धुताना!"

"हळूहळू म्हणालीस. वाढवा म्हणाली नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही किती मनापासून करताय बाबांसाठी. पहिल्या आठवड्यात एक भाग मांस, दुसऱ्यात दोन..." ती खुर्चीवर बसली. "तरीच! मला कळेचना. सुरुवातीला सोयाबीन दिलं तेव्हा मिटक्या मारत होते आणि जसजसं मटण वाढवलं तसं तोंड पाडून बसायला लागले!"

"पण शिजवताना तुला वास आला नाही?"

"आला ना. पण म्हटलं, तुम्ही रंग जुळवलात, वासही जुळवला असेल."

यावर मला काय वाटावं हे ठरवायला वेळच मिळाला नाही, कारण मला एकदम सासऱ्यांचा फोन आठवला. पाच वाजून गेले होते. मी बायकोला गॅलरीतलं सगळं सांगितलं. (पोरीला सांगू नका म्हणाले होते. इतकं सगळं उलटंपालटं झाल्यावर तेवढं एक पाळून काय उपयोग?) तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"जा, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना."

"मी? तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"डबे तुमचे आहेत!"

म्हणजे मला सांगायला जायचं होतं की बाबा, तुमची जीभ शाबूत आहे, फक्त आम्ही तुम्हाला दोन महिने फसवून सोयाबीन चारलं. आणि शिवाय मी, तुमचा जावई, तुमच्याच नाकाखाली चोरून मांस सोडत होतो. म्हणजे सोडत नव्हतो, खात होतो, पण सोडायच्या हेतूने. वाक्य कुठून धरावं कळेना. नाक मुठीत धरून मी त्यांच्या खोलीत गेलो, तर ते फोन हातात घेऊनच बसले होते.

"बाबा, थांबा! पाटी उतरवू नका! भुसा खराच होता!"

मग मी सगळं सांगितलं. बीट सांगितलं, कॉफी सांगितली, अष्टमांश सांगितले, बदामी रंगाच्या गिऱ्हाइकाचं पत्रसुद्धा सांगितलं. बायको दारात उभी राहून जिथे मी अडकलो तिथे दुरुस्त्या करत होती. सासरे एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. माझं बोलून झालं. मी मनाची तयारी करून उभा होतो.

"म्हणजे," सासरे सावकाश म्हणाले, "तो भुसाच होता?"

"हो, बाबा."

"आणि मला भुसाच लागत होता?"

"हो."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. मग खांदे हलायला लागले आणि कवळीच्या आतून असं हसू आलं की बायकोने पाणी आणलं. हसत हसत त्यांनी मला जवळ ओढलं आणि पाठीवर थाप मारली.

"अहो, मांस सोडायचं तर सोडा की! मला काय त्याचं? चाळीस वर्षांत किती गिऱ्हाइकं सोडून गेली आणि किती परत आली. माझी जीभ आहे ना जागेवर, मग सगळं आहे."

"बाबा, तुमची चरबीसुद्धा उतरलीय," बायको डोळे पुसत म्हणाली.

"दोन महिने भुसा खाल्ल्यावर उतरणारच."

माझा जीव भांड्यात पडला. प्रकरण इथे संपायला काही हरकत नव्हती. पण सासरे पिढीजात पारखी आणि बायको लॅबवाली. दोघांचं म्हणणं पडलं की एकदा खात्री करून घेऊ. बायकोने दोन्ही डब्यांत उरलेलं शिजवून दोन वाट्यांत काढलं, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधले.

सासऱ्यांनी पहिल्या वाटीतला एक कण जिभेवर ठेवला. "भुसा." दुसरीतला ठेवला आणि एकदम ताठ बसले. "हा खांद्याचा. मागच्या रविवारचा. आणि पोरी, मीठ अंमळ जास्त घातलंस." बायको म्हणाली, "बरोबर." त्यांनी टॉवेल काढून टेबलावर ठेवला आणि नाक पुसलं.

मग माझी पाळी. मी पहिला घास घेतला. विचार केला. दुसरा घेतला. परत पहिला घेतला. दोन महिन्यांचा अनुभव होता गाठीला.

"पहिली वाटी मटण," मी सांगितलं.

शेजारी सासरे खाकरले.

"बरं, थांबा. पुन्हा द्या." पुन्हा दिलं. मी बराच वेळ चघळलं. "आता कळलं. दोन्ही सोयाबीन आहेत. तुम्ही माझी गंमत करताय."

टॉवेलाच्या आतून मला फक्त बायकोचा सुस्कारा ऐकू आला, आणि कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज. टॉवेल काढला तेव्हा सासरे माझ्याकडे बघत होते. चिडून नाही, हसूनही नाही. सकाळी गॅलरीत मी त्यांच्याकडे जसं बघितलं होतं, अगदी तसं. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

दार उघडंच होतं.

"हां, मीच बोलतोय. अरे, उद्या येतो मी. तवा तापवून ठेव... नाही रे, तुझी चूक नव्हती, माझंच चुकलं, मनात धरू नकोस... जीभ ना? खणखणीत आहे!... नको, नको, जावयासाठी चांगलं काही बाजूला काढू नकोस, वाया जाईल." मग आवाज खाली आला. "गेलीय रे त्यांची. हो ना, अगदी तरुण वयात. कुणाजवळ बोलू नकोस हं, माणसाच्या मनाला लागतं."